गाडी दोन बोटे खाली आणताना: कोकणातल्या अंगणात करायचे सस्पेन्शनचे काम

गाडी खाली बसवायची ठरली की नवखा माणूस सर्वात आधी स्प्रिंगची किंमत विचारतो. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याने मात्र आधी दोन वेगळ्या गोष्टी पाहाव्यात: रोजच्या वाटेवरचा सर्वात उभट गतिरोधक किती उंच आहे आणि गाडीखालचे बोल्ट किती गंजले आहेत. गाडी किती खाली आणता येईल हे पहिल्या गोष्टीवरून ठरते. काम एका दिवसात उरकेल की गाडी आठवडाभर अंगणात चाके काढून उभी राहील, हे दुसरीवरून कळते. त्या मानाने प्रत्यक्ष स्प्रिंग बदलणे सोपे आहे.

इथली सगळी माहिती पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा तुळईसारखा भाग) असलेल्या गाड्यांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडानसाठी आहे. मागे पाटे असलेल्या आणि चासीवर बांधलेल्या जीपवजा गाड्यांची रचना वेगळी असते, म्हणून यातले काही त्यांना जसेच्या तसे लावू नये.

किती खाली आणावी

आपल्याकडच्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, साधारणपणे १६० ते १७० मिलिमीटर असतो आणि पत्रकात छापलेला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे बसली आणि डिकीत तांदळाचे पोते किंवा आंब्याच्या पेट्या चढल्या की तीच गाडी ३० ते ४० मिलिमीटर खाली बसते. समजा मूळ आकडा १६५ आहे. भाराचे ४० वजा केले तर १२५ उरतात आणि स्प्रिंग बदलून आणखी ३० कमी केले तर ९५. म्हणजे दहा सेंटिमीटरसुद्धा शिल्लक राहत नाहीत.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, पण रस्त्याच्या लांबीत ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा लागत असे. अशा गतिरोधकाला खाली बसवलेली गाडीही घासत नाही. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर अडीच मीटरच्या आसपास असल्यामुळे ती माथ्यावर आली तेव्हा दोन्ही बाजूंची चाके गतिरोधकावरच चढलेली असतात आणि माथा चाकांच्या रेषेच्या वर जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. खरा त्रास गावाच्या तोंडाशी, शाळेजवळ किंवा देवळाच्या वळणावर डांबराचा ढीग ओतून केलेल्या हातभर रुंद गतिरोधकाचा होतो. तिथे चारही चाके सपाटीवर असतात, गतिरोधक मधोमध येतो आणि त्याची पूर्ण उंची पोटाखालून जावी लागते. म्हणून काम सुरू करण्याआधी रोजच्या वाटेवरच्या अशा दोन-तीन गतिरोधकांवर एक सरळ रीप आडवी धरून तिच्या टोकाशी रस्त्यापासूनची उंची मोजावी. भरलेल्या गाडीचा उरणारा क्लिअरन्स त्या उंचीपेक्षा निदान दोन सेंटिमीटर जास्त निघाला पाहिजे.

महामार्ग सोडून सागरी मार्गाने जाणाऱ्यांना आणखी एक परीक्षा द्यावी लागते. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडला किंवा आगरदांडा–दिघी अशा फेरीबोटींवर गाडी चढवताना धक्क्याचा उतार आणि बोटीची लोखंडी फळी यांच्यात कोन पडतो आणि तो भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. पुढचा बंपर लांब असलेली गाडी इथे आधी ओठ घासते आणि मग पोट. घर पाखाडीच्या कडेला असेल आणि अंगणात शिरताना उभा चढ असेल, तर तोच कोन आपल्या दारातही आहे असे समजावे.

या सगळ्याचा हिशेब केला तर किनाऱ्यावर रोज वापरायच्या गाडीसाठी २५ मिलिमीटर ही शहाणपणाची मर्यादा आहे आणि ३० मिलिमीटर ही शेवटची. दोन बोटांच्या आतलाच हा फरक आहे. पण चाक आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी तेवढ्यानेही नजरेत भरण्याइतकी कमी होते. ५० किंवा ६० मिलिमीटर उतरवलेल्या गाड्या चित्रांत देखण्या दिसतात. त्यांचे मालक अणुस्कुरा किंवा फोंडा घाट गणपतीच्या गर्दीत उतरत नसावेत.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनात बदल करण्यावर बंधने आहेत. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए नुसार नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे स्प्रिंगचे पैसे भरण्याआधी पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग यांपैकी आपल्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला बदलाची लेखी कल्पना द्यावी. परवानगीचे उत्तर नकारार्थी आले तर सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीत हे काम करू नये. अपघातानंतर सर्वेक्षकाने गाडीखाली वाकून पाहिले आणि दावा अडकला, तर स्वस्तात केलेले काम फार महाग पडते.

स्वस्त म्हणजे काय, आणि काय नव्हे

सर्वात स्वस्त मार्ग म्हणून मूळ स्प्रिंगचा एखादा वेढा ग्राइंडरने कापण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये आणि का मानू नये हे समजून घ्यावे. स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांपैकी एक कापला तर उरलेली स्प्रिंग वीस टक्के अधिक ताठ होते, पण तिच्यासाठी जुळवलेला शॉकअॅब्सॉर्बर मात्र तोच राहतो आणि गाडी उसळू लागते. त्याहून गंभीर बाब टोकाची आहे. कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीत नेमके बसेल असे वळवलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही; आणि चाक खड्ड्यावरून जाताना खाली लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीत सैल पडते, फिरते आणि प्रसंगी सुटते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवण्याच्या प्रकाराने पोलादाची कमावलेली ताकद जाते आणि ती पुढे कधी मोडेल याचा नेम राहत नाही. वेढे एकमेकांना बांधणारे क्लॅम्प हा तिसरा प्रकार, आणि तोही बादच.

पैसे वाचवायचे ते मजुरीत आणि हत्यारांत. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे हत्यार) वर्षातून एकदा लागणारी वस्तू आहे, ती ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणावी. जॅक स्टँड शेजाऱ्याचे चालतील, पण त्यांवर किती टनांचे आहेत हे कोरलेले असले पाहिजे. पैसे वाचवू नयेत अशा जागा म्हणजे आपल्याच मॉडेलसाठी बनवलेल्या आणि चारच्या संचात मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग, पुढच्या स्ट्रटचे माउंट (स्ट्रट वर बॉडीला जोडणारा भाग) आणि त्याचे बेअरिंग, बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा), नायलॉनचे कडे असलेले नवे नट आणि शेवटी होणारे अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी. जुना शॉकअॅब्सॉर्बर तेल गळत असेल किंवा दांडा हाताने दाबून सोडल्यावर अडखळत असेल, तर नव्या स्प्रिंगसोबत तो लावू नये. अशा वेळी आधी शॉकअॅब्सॉर्बरसाठी पैसे जमवावेत आणि गाडी खाली आणण्याचा बेत पुढे ढकलावा.

गंज

देशावरच्या गॅरेजमध्ये पंधरा मिनिटांत सुटणारा बोल्ट किनाऱ्यावर अर्धा दिवस खातो, कारण खाऱ्या वाऱ्यातले मीठ लोखंडावर बसते, पावसाळ्यातली हवा ते ओले ठेवते आणि लाल माती तो ओलावा धरून ठेवते. सर्वात वाईट अवस्था स्ट्रटच्या खालच्या ताटलीत दिसते. स्प्रिंग जिथे टेकते त्या ताटलीला पाणी निघून जाण्यासाठी एक छोटे भोक असते. ते मातीने बुजले की ताटलीत चार महिने चिखल राहतो आणि स्प्रिंगचा सर्वात खालचा वेढा रंग सोडून आतून पापुद्र्यांनी सुटू लागतो. टॉर्च मारून पाहिल्यास तिथे तपकिरी पापुद्रे आणि त्यांच्याखाली बारीक खळगे दिसतात. अशी स्प्रिंग बहुधा त्याच ठिकाणी मोडते आणि तिचे टोक टायरकडे वळते. गाडी खाली आणायची नसली तरी दर पावसाळ्यानंतर ही जागा पाहावी.

कामाचा काळ दिवाळीनंतर आणि मे महिन्याच्या आत धरावा. गणपतीच्या तोंडावर हे काम हाती घेऊ नये. तेव्हा रस्त्यावर खड्डे असतात, गाडी भरलेली असते आणि सुटे भाग मागवायला वेळ नसतो.

ठरलेल्या दिवसाच्या चार-पाच दिवस आधीपासून तयारी करावी. गाडीच्या खालच्या बाजूला गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारून माती काढावी आणि ती पूर्ण सुकू द्यावी. नंतर तारेच्या ब्रशने प्रत्येक नटाबाहेर आलेले बोल्टचे आटे घासून स्वच्छ करावेत, कारण गंजाने भरलेल्या आट्यांवरून नट ओढला तर तो अर्ध्यातच जाम होतो. मग गंज सोडवणारे तेल सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे मारावे. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा बांधून ठेवण्याची जुनी पद्धतही चालते, फक्त तिला वेळ लागतो. यातले काहीही ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडता कामा नये, म्हणून डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधावी.

नट सोडवताना पहिला झटका उलट दिशेने, म्हणजे घट्ट करण्याच्या दिशेने किंचित द्यावा. गंजाची पकड मोडल्याचा टकक असा आवाज आला की मग सोडवायला घ्यावे. सहा बाजूंची गोटी (सॉकेट) वापरावी. बारा बाजूंची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. नट अर्धा फेरा सुटून जड झाला तर पुन्हा पाव फेरा आत घ्यावा, तेल मारावे आणि मग बाहेर काढावा. रबरी बुश (बोल्टभोवतीचे रबरी कडे), ब्रेकची नळी आणि पेट्रोलची वाट जवळ असताना गॅसची ज्योत नवख्याने वापरू नये. बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीशीच एकजीव झाला असेल तर तो घरी सुटत नाही. तिथे थांबून गाडी गॅरेजला न्यावी, आणि म्हणूनच काहीही मोकळे करण्याआधी सगळे बोल्ट हलतात का एवढे तपासून घ्यावे.

जागा आणि हत्यारे

अंगण सपाट आणि कठीण असावे. शेणाने सारवलेली किंवा मुरमाची जमीन असेल तर जॅक आणि स्टँड यांच्याखाली जाड फळी टाकावी, नाहीतर भार आल्यावर एक पाय जमिनीत उतरतो. आपल्याकडे जांभ्याचे चिरे घरोघरी पडलेले असतात आणि गाडीखाली दोन चिरे रचण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. चिरा भिंतीत सर्व बाजूंनी भार घेतो. एका बिंदूवर भार आला तर तो कधी फुटेल हे कळत नाही, आणि फुटण्याआधी तो इशारा देत नाही. काम नेहमी जॅक स्टँडवर टेकवलेल्या गाडीवर करावे. गाडीसोबत मिळालेला कात्रीचा जॅक फक्त पंक्चर काढण्यापुरता असतो. इथे दोन किंवा तीन टनांचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक लागतो.

याशिवाय टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), लांब दांड्याचा पाना, शॉकअॅब्सॉर्बरचा दांडा धरायला अॅलन की, पांढरा रंग किंवा मार्कर, थोडी तार, टेप, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा एवढे पुरते. आपल्या मॉडेलचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवावे, कारण प्रत्येक बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, त्यात दिलेला असतो आणि तो अंदाजाने लावायचा नसतो. शेजारी एक जाणता माणूस असावा. गाडीखाली एकट्याने कधीच जाऊ नये.

आधीचे माप

चारही टायरांत ठरलेली हवा भरून गाडी सपाट जागी उभी करावी आणि चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजून वहीत लिहावे. जमिनीपासून मोजू नये, कारण त्यात टायरची झीज आणि अंगणाचा चढ-उतार मिसळतो. डाव्या-उजव्या बाजूत पाच-सात मिलिमीटरचा फरक आधीपासूनच असेल तर त्याची नोंद राहते आणि नंतर त्याचे खापर नव्या स्प्रिंगवर फुटत नाही.

मागची बाजू

सुरुवात मागून करावी. टॉर्शन बीममध्ये स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर बहुधा वेगवेगळे असतात, त्यामुळे काम सोपे असते आणि हात बसतो.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, मागच्या चाकांचे नट जमिनीवरच पाव फेरा सैल करावेत आणि मग गाडी उचलून कंपनीने नेमून दिलेल्या जागी दोन्ही बाजूंना स्टँड लावावेत. चाके काढण्याआधी गाडीला कमरेने ढकलून पाहावे. ती हलली तर स्टँड पुन्हा बसवावेत. आता बीमच्या मध्याखाली किंवा सांगितलेल्या ठिकाणी जॅक लावून त्याचा भार किंचित उचलावा आणि शॉकअॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट दोन्ही बाजूंचे काढावेत. जॅक हळूहळू उतरवला की बीम खाली येतो आणि स्प्रिंग सैल होऊन हाताने निघते. बीम उतरत असताना नजर स्प्रिंगपेक्षा ब्रेकच्या रबरी नळीवर, हँडब्रेकच्या केबलवर आणि एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) तारेवर ठेवावी. त्यातले काही ताणले जाताना दिसले तर क्लिप सोडवून मोकळे करावे.

वरचे आणि खालचे रबर तडकले असेल तर बदलावे. नवी स्प्रिंग बसवताना तिच्यावर छापलेली अक्षरे सरळ वाचता येतात का ते पाहावे. बहुतेक स्प्रिंगमध्ये तीच वरची-खालची खूण असते. वेढ्याचे टोक बैठकीच्या खाचेत टेकवून बीम पुन्हा वर घ्यावा आणि बोल्ट हाताने लावून ठेवावेत. शेवटचे घट्ट करणे नंतर येईल.

पुढची बाजू

इथे घाई नको. चाक काढल्यावर स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा लोखंडी भाग) यांना जोडणारे दोन बोल्ट दिसतात. त्यांच्या डोक्याभोवती आणि स्ट्रटच्या कडेवर रंगाने रेघ मारून ठेवावी, म्हणजे बसवताना चाकाचा कोन जवळपास पूर्वीच्याच जागी येतो. मग एबीएसची तार आणि ब्रेकची नळी स्ट्रटवरच्या पट्टीतून मोकळी करावी आणि स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक सोडवावी. नकल तारेने बांधून मगच ते दोन बोल्ट काढावेत. नकल बाहेरच्या बाजूला कलंडली तर ब्रेकची नळी ताणली जाते आणि ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट खेचला जातो.

बॉनेटखालचे वरचे नट सर्वात शेवटी, आणि खालून स्ट्रट एका हाताने धरून काढावेत. इथे एक गोष्ट नीट ओळखावी. काही गाड्यांत माउंट बॉडीला दोन-तीन छोट्या नटांनी जोडलेले असते, तर काहींत मधला एकच मोठा नट असतो आणि त्याच्याखाली स्प्रिंग दाबून धरणारा दुसरा नट असतो. स्प्रिंग धरणारा मधला नट कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कोणत्याही परिस्थितीत सोडवायचा नाही. आपल्या गाडीत कोणता नट कशासाठी आहे हे मॅन्युअलमधल्या चित्रावरून पक्के करावे.

धोका किती आहे याचा अंदाज असावा. छोट्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला अडीच किलोचा भार लागतो असे धरले, तर ती बारा सेंटिमीटर दाबलेली असताना तिच्यात तीनशे किलोंचा जोर असतो. तो सुटला तर वरचे माउंट बंदुकीच्या गोळीसारखे जाते.

कॉम्प्रेसरचे दोन्ही आकडे (हुक) स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना, शक्य तितके जास्त वेढे पकडून लावावेत आणि त्यांच्या सुरक्षेच्या पिना अडकवाव्यात. आटे आधी ग्रीसने माखावेत. नंतर एका बाजूला दोन-तीन फेरे, मग दुसऱ्या बाजूला तेवढेच, असे आळीपाळीने आणि हातपान्यानेच आवळावे. इम्पॅक्ट गन लावू नये. स्प्रिंग एका बाजूला केळ्यासारखी वाकताना दिसली तर थांबून सैल करावे आणि आकडे पुन्हा लावावेत. स्ट्रटभोवती जुनी गोधडी किंवा जाड सुंभ गुंडाळून ठेवल्यास आणखी एक आडोसा मिळतो. माउंटच्या किंवा दांड्याच्या टोकासमोर आपले किंवा इतर कोणाचे तोंड येता कामा नये. वरची बैठक हाताने फिरू लागली की स्प्रिंगचा भार माउंटवरून उतरला आहे असे समजावे आणि तेव्हाच मधला नट काढावा.

मूळ स्प्रिंग निघाल्यावर दाबलेल्या अवस्थेत ती अंगणात ठेवून जेवायला जाऊ नये. तिला तशीच आळीपाळीने सैल करून मोकळी करावी. खालची ताटली घासून, भोक तारेने मोकळे करून, गंजरोधक रंग लावावा आणि सुकू द्यावा. नवी स्प्रिंग आखूड असल्यामुळे तिला कमी दाबावे लागते. टोक ताटलीच्या अडणीला भिडवून, धुळीचे रबरी आवरण आणि बंप स्टॉप चढवून, बेअरिंग योग्य बाजूने बसवून नवा नट लावावा. बंप स्टॉप आखूड करायचा की नाही हे स्प्रिंग बनवणाऱ्याच्या सूचनेत असेल तरच करावे. आवरण चढवण्याआधी शॉकअॅब्सॉर्बरच्या दांड्यावर एक पातळ केबल टाय घट्ट बांधून तो खाली सरकवून ठेवावा. त्याचा उपयोग नंतर होतो.

डावी-उजवी अशी दोन्ही बाजूंची कामे एकाच दिवशी पुरी करावीत. एका बाजूला जुनी आणि दुसऱ्या बाजूला नवी स्प्रिंग घेऊन गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नेऊ नये.

बोल्ट केव्हा आवळावेत

नवख्यांच्या हातून बहुतेक वेळा इथेच चूक होते. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट, म्हणजे लोअर आर्मचे (नकलला खालून धरणाऱ्या दांड्याचे), मागच्या बीमचे आणि शॉकअॅब्सॉर्बरच्या खालच्या टोकाचे, चाक लोंबत असताना शेवटचे आवळले तर गाडी जमिनीवर टेकल्यावर ते रबर कायमचे पिळलेले राहते. काही महिन्यांत ते फाटते आणि गाडी हवी तेवढी खाली बसतही नाही. लोअर आर्म आणि बीमचे बोल्ट आपण काढलेले नसतात, तरी त्यांच्या बुश जुन्या उंचीवर आवळलेल्या असतात. म्हणून तेही अर्धा फेरा सैल करावेत. मग नकलखाली, आणि मागच्या बाजूला बीमखाली, जॅक लावून इतके उचलावे की गाडी स्टँडवरून किंचित हलकी होईल, आणि त्या स्थितीत हे सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळावेत. स्ट्रट आणि नकल यांच्यामधले बोल्ट रंगाच्या खुणेवर आणून घट्ट करावेत. ज्या बोल्टचा टॉर्क कोरड्या आट्यांसाठी दिला आहे त्याच्या आट्यांना ग्रीस लावू नये, कारण त्याच आकड्यावर तो प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. गंजापासून राखण करायची असेल तर आवळून झाल्यावर बाहेर उरलेल्या आट्यांवर ग्रीस किंवा मेणाचा थर द्यावा.

रस्त्यावर नेण्याआधी

गाडी जमिनीवर उतरवून चार-पाच मीटर पुढे-मागे न्यावी, चारही कोपऱ्यांवर दाबून उसळवावी आणि माप पुन्हा घ्यावे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर आतल्या प्लास्टिकला लागतो का ते पाहावे, आणि हीच तपासणी मागे तीन माणसे बसवून पुन्हा करावी. ब्रेकची नळी पूर्ण वळणावर ताणलेली किंवा घासणारी नसावी.

एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या बीमपासून एका दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व असतो. मागची बाजू बसली की गाडीत भार आहे असे समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. आता गाडी रिकामी असतानाही बसलेलीच राहणार, त्यामुळे ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकून गाडी फिरण्याची भीती असते. अशी दांडी दिसली तर तिची जुळवणी जाणत्या मेकॅनिककडून करून घेतल्याशिवाय घाटात जाऊ नये. हेडलाइटचा झोतही तपासावा. पुढची आणि मागची बाजू सारखी उतरली नसेल तर झोत वर किंवा खाली जातो, आणि अंधाऱ्या वळणांवर दोन्हींचा त्रास होतो.

पहिली चाचणी घाटात घेऊ नये. सड्यावरचा मोकळा सपाट रस्ता त्यासाठी उत्तम असतो. आधी कमी वेगाने, रेडिओ बंद ठेवून चालवावे. स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन उडल्यासारखा आवाज आला तर टोक खाचेत बसलेले नाही किंवा बेअरिंग अडकते आहे असे समजावे. सरळ रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर तिथूनच परत फिरावे.

चाचणीनंतर त्याच दिवशी अलाइनमेंट करावे. गाडी खाली आली की पुढच्या चाकांचा वरचा भाग आत कलतो आणि त्यांची समांतरताही बिघडते. ती तशीच राहिली तर टायरची आतली कड चार-पाच महिन्यांत गुळगुळीत होते, आणि बाहेरून टायर नवाच दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही. टॉर्शन बीमच्या मागच्या चाकांचा कोन बहुधा बदलता येत नाही, तरी त्याचा आकडा छापून घ्यावा. पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंग स्थिरावलेल्या असतात. तेव्हा सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत आणि अलाइनमेंटही पुन्हा पाहावे.

दरम्यान एकदा गाडी माणसांनी भरून नेहमीच्या रस्त्याने न्यावी आणि परत आल्यावर स्ट्रटचे रबरी आवरण वर सारून केबल टाय कुठवर सरकला आहे ते पाहावे. तो बंप स्टॉपला भिडून चेपलेला असेल तर स्प्रिंग त्या रस्त्यासाठी फार खाली आहेत आणि मूळ स्प्रिंग परत लावणेच योग्य ठरते. यासाठी मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नयेत. घासून, तेल लावून, पोत्यात गुंडाळून आणि कोणती कोणत्या बाजूची हे लिहून त्या माळ्यावर ठेवाव्यात. गाडी विकताना नवा मालकही बहुधा त्याच मागतो.